मालकाच्या नावाचा व्हिसा

३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. 'इकडे येऊ नकोस' एवढंच सांगायला चार पानं लिहिलीस, हात दुखला नाही का? तू परदेशात कामाला आहेस त्या वृद्धाश्रमाला आचारी हवाय हे मला तिऱ्हाइताकडून कळतं, आणि सख्खी बहीण म्हणते जागा नाही. मी कॅन्टीनच्या कढया घासत म्हातारा व्हावं, हीच तुझी इच्छा दिसते. मामा परवा सगळ्यांसमोर म्हणाले, पोरगी तिकडे गेली आणि आतून कडी लावून घेतली. मलाही तेच वाटतं.

आई बरी आहे. तुझा फोटो पुसत असते. माझ्यापुरता लोभ आटला असेल तर तसं कळवावं.

धाकटा

२१ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मामांना सांग, कडी मालकाच्या हातात आहे. मागच्या पत्रात गोड बोलले ते चुकलंच, आता सरळ ऐक. माझ्या व्हिसावर मालकाचं नाव आहे. इथे दुसरीकडे नोकरी धरता येत नाही. त्याने काढलं की बाडबिस्तरा गुंडाळून देश सोडायचा. तू रागाच्या भरात चांगल्या नोकऱ्यांना लाथ मारलीस. इथे राग आला तर तो गिळायचा आणि चादरी बदलायच्या.

माझ्या खोलीत इथेच काम करणारी एक मुलगी राहायची, तिला आम्ही चिमणी म्हणायचो, तिचं सांगते. पेशंटला उचलायचं यंत्र बंद पडलं होतं. वरच्या मजल्यावरच्या धिप्पाड आजोबांना तिने एकटीने खुर्चीतून पलंगावर घेतलं आणि तिची कंबर कायमची गेली. मालकाने सरकारला कळवलं, ती आपणहून काम सोडून गेली. झालं, व्हिसा रद्द. वाकलेल्या कमरेने ती घरी गेली. जाण्याआधी तिने कामगार कचेरीत तक्रार दिली. तिने आजोबांना उचललं तेव्हा मी दारातच उभी होते, म्हणून कचेरीने मला जबाबाला बोलावलंय. अशा वेळी तू इथे नकोस. फोनवर हे बोलता येत नाही, खोलीतली एकजण मालकाच्या कानाला लागते.

राग असू दे, पण थोडी माया शिल्लक ठेव.

ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिमणीची गोष्ट छान रचलीस. कळवायला आनंद होतो की तुझ्या मालकानेच मला फोन केला. आपणहून. तुझं तोंड भरून कौतुक केलं. आचारी भाऊ आहे हे तू त्याला कधी सांगितलंच नाहीस, याचं त्याला नवल वाटलं. मलाही. तुझ्यापासून लांबच्या गावी त्याचा दुसरा वृद्धाश्रम आहे, तिथे मला घेतलंय. कॅन्टीनचा राजीनामा दिला. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. तुझ्या आशीर्वादावाचूनही विमान उडतं.

धाकटा

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

मायना राहू दे. तू फोन उचलत नाहीस आणि आईचं ऐकत नाहीस. येऊ नकोस. काल मालकाने मला ऑफिसात बोलावून खुर्ची दिली. आजवर कधी बस म्हटलं नव्हतं. तुझे कागद टेबलावर पसरले आणि म्हणाला, "तुझा भाऊ येतोय. आता आपण घरचीच माणसं. घरातलं बाहेर बोलायचं नसतं."

त्याला आचारी नकोय, गाढवा. माझं तोंड बांधायला त्याला तू हवायस. कागद फाडून टाक.

तुझी बहीण, अजून तरी

२५ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र मी निघाल्यावर घरी पोचलं. आईने ते दुसऱ्या पाकिटात घालून इकडे पाठवलं. काल वाचलं.

मला बॉयलरमागची खोली दिलीय. खिडकी नाही, भिंतीला हात लावला तर चटका बसतो. स्वयंपाक उरकला की कपडे धुवायचे, मग जिने पुसायचे. पासपोर्ट नोंदणीला म्हणून घेतला, तो गेला तो गेलाच. मॅनेजर येता-जाता विचारतो, ताई कचेरीत गेली होती का. मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय. तर म्हणाला, तुझं इथलं सगळं तिच्या वागण्यावर आहे.

चिमणी खरी आहे हे मला तेव्हा पटलं. पण तुझंही चुकलंच. तू कायम मास्तरणीसारखं लिहितेस. खरं सांगतेस तेव्हाही माणसाला वाटतं, आता धडा वाचून दाखवणार. भेटायला येऊ नकोस. तुझं तोंड बघायची माझी तयारी नाही.

धाकटा

४ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद नेहमीचेच.

मी काही पाहिलं नाही, असं कचेरीला लिहून दिलं. झालं समाधान? चिमणीला ते कळलं. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने फोनवर फक्त विचारलं, तुझा भाऊ नीट आहे ना.

आता मान खाली घालून भात शिजव. आणि मला माफीबिफी लिहू नकोस, माझ्याच्याने ती वाचवणार नाही.

ताई

१८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माफी लिहीत नाही. सुट्टीच्या दिवशी मी इथल्या कामगार कचेरीत गेलो. 'पासपोर्ट माझा आहे, मला तो हवा' एवढं एकच वाक्य इथल्या भाषेत घोकून गेलो होतो. तिथल्या बाईंनी मॅनेजरला फोन लावला. त्याने पासपोर्ट माझ्यापुढे भांड्यांच्या सिंकमध्ये फेकला. पानं फुगलीत, पण चालेल म्हणतात. मग मी काम सोडल्याचं लिहून दिलं. गुरुवारी निघतो. घरी मामा वाट बघत असतील, तेही भोगायचंय.

आता माझं काहीच मालकाच्या मुठीत नाही. तुझं आहे. तू बोललीस तर तुझाही व्हिसा जाणार, एवढं मला कळतं, म्हणून बोल असं म्हणत नाही. पण माझ्यापायी गप्प बसलीस हे तू मला जन्मभर ऐकवणार, ते मला नको. उपकार वगैरे समजू नकोस.

धाकटा

२ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

परवा जबाब दिला. आधी लिहून दिलं ते खोटं होतं, हेही सांगितलं. जबाब घेणाऱ्या साहेबांनी दोनदा विचारलं, नोकरीचं काय होईल माहीत आहे ना. माहीत आहे म्हटलं. आज मालकाने माझ्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. चिमणीचं प्रकरण पुन्हा उघडलंय. तिला काही मिळेल की नाही, कोणी छातीठोक सांगत नाही.

महिनाअखेर मी घरी येते. विमानतळावर तू येऊ नकोस, आईला पाठव. तुझ्याशी मला भांडायचंय आणि ते रस्त्यात उभ्या उभ्या होणार नाही. घरी, जेवून, नीट मांडी घालून बसू.

लोभाचं काय ते मग बघू.

ताई