शनिवारचा पिचर

कॉल्डर्स फेरी, ओहायो
गुरुवार, २८ ऑगस्ट

प्रिय कॉरी,

तू आणि घरचे सगळे बरे असाल. इथे आम्ही ठीक आहोत. बाबांचा गुडघा उन्हाळ्यात जरा कमी कुरकुरतो, तेवढाच आराम. मागच्या अंगणात यंदा टोमॅटो इतके लागलेत की मी पिशवी घेऊन निघाले की शेजारपाजारचे लोक दिवे मालवून बसतात. न्हावी हर्बने सलूनच्या काचेवर तुमच्या संघासाठी पाटी लावली आहे: ‘स्टॅनविकच्या गिऱ्हाइकांचे केस रविवारनंतर कापले जातील.’ तू आलास तर तुझेही कापणार नाही म्हणतो. तू इथलाच असलास तरी.

नाताळच्या कार्डापलीकडे आपण एकमेकांना काही लिहिल्याला चार वर्षं होऊन गेली. त्यामुळे पत्राची सुरुवात जमत नाहीये. कामाचं बोलले तर जमेल.

उद्यापासून तुमच्याशी तीन सामने. तुम्ही आमच्यापेक्षा एका विजयाने पुढे आहात आणि पूर्व गटातून एकच संघ वर जाणार. हरलो तर आमची पोरं सोमवारपासून बेसबॉल सोडून गोदामात खोकी उचलायला जातील. काहीजण पुढच्या वर्षी परत येणारच नाहीत. माझं काम तुला माहीत आहे, निदान बाबांनी सांगितलं असेल. प्रत्येक मालिकेआधी समोरच्या संघाची चित्रणं पाहायची आणि आमच्या बॅटरांसाठी अहवाल लिहायचा. कोण काय टाकतो, कोण कधी धावतो, कोण दुखणं लपवतो. तुमच्यावरचा अहवाल मी मंगळवारी पूर्ण केला. तुमचा शॉर्टस्टॉप चेंडू अडवायला उजवीकडे झेपावताना खांदा सांभाळतो. शुक्रवारचा तुमचा डावखुरा पिचर सामना निम्म्यावर आला की दमतो आणि मग चेंडू वर वर राहतात. तुमच्या पहिल्या बॅटरला धीर नाही. रविवारचा सामना कोणाकडेही जाऊ शकतो.

शनिवारी चेंडू टाकणार तू.

शनिवारी तैवानच्या एका संघाचा माणूस तुला पाहायला येणार, हे मला बाबांकडून कळलं. आमच्या ऑफिसलाही कळलं, कारण त्याच्यासाठी बॅटरमागच्या जाळीपाशी खुर्ची राखायला सांगितलं गेलं. छत्तिसाव्या वर्षी कोणी पाहायला येणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको. दोन वर्षांचं काम मिळेल किंवा मग काहीच मिळणार नाही. स्टॅनविकने तुला पुढच्या वर्षी ठेवायचं नाही असं ठरवलंय, हे मी ऐकलं आहे. तूही ऐकलं असशील.

अहवालात तुझ्यावर मी चार ओळी लिहिल्या होत्या. वेग कमी झाला आहे, संथ चेंडू चांगला आहे, उजव्या बॅटरांना बाहेर टाकतो, गडबडत नाही. काल आमच्या मॅनेजरने, लोनीने, मला खोलीत बोलावलं. तो सूर्यफुलाच्या बिया चघळत कागदी पेल्यात सालं थुंकत होता.

“शॉर्टस्टॉपच्या खांद्यावर दोन पानं,” तो म्हणाला, “आणि भावावर चार ओळी?”

“तो चार ओळींत मावतो.”

“मावतो, की तू माववलास?”

“लोनी, तुम्हाला माझ्यावर शंका असेल तर शनिवारचा भाग दुसऱ्या कोणाला द्या.”

“दुसरं आहे कोण? तो जेवणाचे डबे आणणारा?” त्याने पेला खाली ठेवला. “शंका नाही गं. मलाही भाऊ आहे. तू लिहिलं नाहीस तरी मी काही म्हणणार नाही. फक्त मला सांग, लिहिण्यासारखं काही आहे का?”

मी नाही म्हणाले.

होतं. मंगळवारी मी तुझे ह्या महिन्यातले सामने लागोपाठ पाहत होते आणि मला ते दिसलं. चेंडू टाकण्याआधी तू दोन्ही हात छातीशी आणतोस, चेंडू ग्लोव्हच्या आत. वेगवान टाकायचा असेल तर ग्लोव्ह मिटलेला राहतो. संथ टाकायचा असेल तर तुला चेंडू तळहातात खोल रोवावा लागतो, त्यासाठी बोटं फाकतात आणि ग्लोव्हचं तोंड उघडतं. फार नाही. इतरांना दिसणारही नाही. पण ज्या बॅटरला सांगितलं आहे, त्याला चेंडू हातातून सुटायच्या आधीच कळेल की हा संथ आहे. तुझा वेगवान चेंडू आता नावालाच वेगवान आहे, कॉरी. पुढचा चेंडू कोणता हे त्यांना कळत नाही, एवढ्यावर तुझं पोट आहे.

मला ते लगेच दिसलं कारण मी ते आधी पाहिलेलं होतं. तू बारा वर्षांचा होतास. तळहात एवढासा. ग्लोव्ह असाच उघडायचा. मी कॉलेज अर्धवट सोडून आजारी आईसाठी घरी आले होते. संध्याकाळी ती झोपली की आपण मागच्या अंगणात जायचो, आणि मी कुंपणापाशी उकिडवी बसून तुझे चेंडू झेलायचे. संथ चेंडू कसा धरायचा ते मी सांगितलं. मला ते कॉलेजच्या संघात शिकवलं होतं. तू त्याचं नाव ‘आळशी’ ठेवलंस. “आळशी येतोय,” असं तू टाकायच्या आधीच ओरडायचास आणि मी म्हणायचे, गाढवा, ओरडून सांगितल्यावर उपयोग काय! आणि ग्लोव्हवर उपाय मी शोधला. प्रत्येक चेंडू आधी ‘आळशी’ धरायचा. वेगवान टाकायचा असेल तर मग आत बोटं बदलायची, म्हणजे ग्लोव्ह दर वेळी सारखाच उघडतो. मिटवताना काही दिसत नाही, उघडतानाच दिसतं. एक अख्खा उन्हाळा घालवून ते तुझ्या अंगवळणी पाडलं. उड्या मारणारे चेंडू झेलताना माझ्या उजव्या हाताचं एक बोट वाकडं झालं. ते अजूनही तसंच आहे, त्यानेच हे लिहिते आहे. बाबा तेव्हा कारखान्यात दुसऱ्या पाळीला होते. ते घरी यायचे तेव्हा अंगणात चेंडू दिसण्याइतका उजेड नसायचा.

ती सवय तू कधी आणि का सोडलीस, मला माहीत नाही. एखाद्या प्रशिक्षकाने सोडायला लावली असेल. मंगळवारी ते पाहिल्यावर मी फोन हातात घेतला होता. मग ठेवला. तुला सांगणं म्हणजे आमच्या पोरांचा घात. त्यांना सांगणं म्हणजे तुझा. मी ठरवलं की कोणालाच सांगायचं नाही, आणि त्याला मी सचोटी म्हटलं. रात्री अंथरुणात पडल्यावर वाटलं, ही सचोटी आहे की नुसता भित्रेपणा? ज्यांचा पगार घेते त्यांना मी खोटं सांगितलं होतंच.

हे सगळं कालपर्यंतचं.

आज सकाळी मी बाबांकडे कोबी-नूडल्स घेऊन गेले. रेडिओवर मालिकेची चर्चा चालू होती आणि तू त्यात फोनवरून बोलत होतास. बाबांनी आवाज मोठा केला. निवेदकाने तुला विचारलं, हा तुझा प्रसिद्ध संथ चेंडू तुला मिळाला कुठून? तू म्हणालास, “वडिलांकडून. रोज संध्याकाळी मागच्या अंगणात. थकून यायचे, पण कधी चुकवलं नाही.” तो म्हणाला, घरात अजून कोणी खेळायचं का? तू हसलास. “बहीण होती ना. ती चेंडू वेचून आणायची.”

बाबा काट्याने नूडल्स गुंडाळत म्हणाले, “छान बोलला.”

मी म्हणाले, “बाबा, तुम्ही अंगणात कधी होतात?”

“अगं, सांगायचं असतं तसं. मुलगा बापाचं नाव घेतोच.”

“आणि मी चेंडू वेचत होते?”

“आता ह्या वयात त्यावरून रडणार आहेस का? तुला काय फरक पडतो? तुला कुठे मोठ्या संघात जायचं होतं?” मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “शनिवारी तो तैवानचा माणूस येतोय. तू कागदावर काही वेडंवाकडं लिहू नकोस. पोराचा शेवटचा मोका आहे.”

म्हणजे त्यांना माहीत होतं, कॉरी. तुला घडवायला कोणी हात लावला हे त्यांना पक्कं माहीत होतं, नाहीतर तुला बिघडवण्याइतकं माझ्याकडे काही असेल अशी भीती त्यांना का वाटावी? इतकी वर्षं मला वाटायचं की ते खरंच विसरले. आईच्या आजारपणात माणूस काहीही विसरतो, असं मी स्वतःला समजावायचे.

मी ताट घासून ठेवलं आणि थेट मैदानावर गेले.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. लोनीला मी म्हणाले, काल मी खोटं बोलले, सगळ्यांना बोलवा. बॅटर जमले. मी पडद्यावर तुला लावलं आणि म्हणाले, चेहरा बघू नका, ग्लोव्ह बघा. पहिल्या दोन-तीन चेंडूंना कोणाला काही कळलं नाही. मग आमच्या थर्ड बेसवाल्याने, ऑर्टेगाने, खुर्ची मागे ढकलली. “थांब, थांब! परत लाव! आयला, उघडतंय!” मग सगळ्यांनाच दिसायला लागलं. तू हात छातीशी आणायचास आणि अख्खी खोली ओरडायची, वेगवान! संथ! एकही चुकला नाही. ऑर्टेगा म्हणाला, “ताई, हा तर दुकानाची पाटी लावून बसलाय, उघडं आणि बंद!” सगळे खदखदून हसले. लोनीने माझ्या पाठीवर इतकी जोरात थाप मारली की मी पुढे गेले. सहा वर्षं मी त्या पोरांना कागद वाटते आहे. अर्धे त्यावर कॉफीचा पेला ठेवतात. आज ते माझ्याभोवती उभे होते.

मग ऑर्टेगाने विचारलं, “घरी काय म्हणायचा तो ह्या चेंडूला? असेल ना काहीतरी नाव!”

आणि मी सांगितलं.

ते सांगायची काही गरज नव्हती. ग्लोव्हचं सांगणं माझं काम होतं, त्याबद्दल मी कोणापुढेही उभी राहीन. नावाचं तसं नाही. ते मी मजेसाठी सांगितलं. मला आनंद झाला होता, कॉरी, आणि तो पुरवून खावा असं वाटलं. ते लगेच एका सुरात म्हणायला लागले. शनिवारी तू हात छातीशी आणशील तेव्हा आमच्या बाकावरून तुला तो शब्द ऐकू येईल. तो जगात दोनच माणसांना ठाऊक होता, त्यामुळे कोणी सांगितलं हे तुला विचारावं लागणार नाही. तू जाळीपलीकडे बघशील. मी तिथेच असेन, त्या तैवानच्या माणसाच्या मागच्या रांगेत.

रेडिओ लागला नसता तर मी गप्प राहिले असते का? संध्याकाळपासून स्वतःला हेच विचारते आहे. उत्तर येतं, हो, राहिले असते. म्हणजे मी जे केलं ते कामाच्या निष्ठेने केलं असं म्हणायची सोय मला उरलेली नाही. आणि तरी ते काम म्हणून बरोबरच होतं. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं धुऊन निघत नाही.

उपाय तुला वर लिहून दिलाच आहे. एका संध्याकाळच्या सरावात हात पुन्हा वळणावर येईल. फोनवर सांगितलं असतं तर आजच आला असता, म्हणून फोन केला नाही. मैदानावर चिठ्ठी पाठवता आली असती, तीही पाठवली नाही. हे पत्र तुझ्या स्टॅनविकच्या घरच्या पत्त्यावर टाकते आहे. रविवारी रात्री तू परत जाशील तेव्हा पेटीत असेल. त्यानंतर कुठे चेंडू टाकायला मिळाला तर उपयोगी पडेल.

बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते शनिवारी येणार आहेत. तू पाठवलेली टोपी घालून, तुमच्या बाजूला बसणार आहेत. येताना त्यांना मीच गाडीतून आणणार आहे.

इथे खाली मी दोनदा ‘तुझी बहीण’ असं लिहिलं आणि खोडलं. आधी वाटलं, हा हक्क मी आज घालवला. मग वाटलं, तो तू सकाळीच काढून घेतला होतास. ह्यातलं आधी काय झालं, ते मला ठरवता येत नाही. म्हणून जे नक्की आहे तेवढंच लिहिते.

कॉल्डर्स फेरी संघाची,
जनीन हुदाक