भिंतीतला पट्टा

प्रति,
मा. बांधकाम परवानगी अधिकारी,
नगर परिषद, करडवाडी, जि. लातूर.

विषय : दगडी घराच्या भिंतीस मीच पाडलेले एक हात भोक बुजवू देणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस दि. ३ जून २०१९ व सुधारित नोटीस दि. २१ जून २०१९.

महोदय,

१. अर्जदार जिलानी खाजामियाँ, धंदा गवंडी, वय ६३. किल्लारीच्या भूकंपानंतर सरकारने आम्हा गवंड्यांना जुनी दगडी घरे न पाडता मजबूत करण्याचे शिक्षण दिले. त्याबरहुकूम मी स्वतःचे घर केले. माळवदाच्या छतावरची हातभर माती उतरवून वीतभर ठेवली, भिंतींवरून चारी बाजूंनी लोखंड-सिमेंटचा पट्टा फिरवला. गिलावा मात्र इतक्या सफाईने केला की पट्टा कोणाला दिसत नाही. ही चूक माझी, कबूल आहे.

२. लातूरच्या क्लासला जाणाऱ्या किनवटकडच्या दोन मुली यंदा भाड्याने ठेवल्या, म्हणून घर नियमाने वसतिगृह झाले व मजबुतीचा दाखला लागला. आपले अभियंता साहेब म्हणाले, पट्टा दिसल्याशिवाय दाखला नाही. भिंत फोडण्याची परवानगी मागितली, तर तिला आधी मजबुतीचा दाखला लागतो. पाडून नवे तीन मजली बांधल्यास आठ दिवसांत मंजुरी आहे म्हणे. चांगले उभे घर, उन्हाळ्यात पंख्याशिवाय निभते, ते मी का पाडू?

३. नाइलाजाने मी स्वयंपाकघरात एक हात गिलावा फोडला. पट्टा निघाला, घातला तसाच. साहेबांनी फोटो काढला आणि 'भिंत क्षतिग्रस्त' असा शेरा मारला. घर धोकादायक ठरले, मुली गेल्या. आता भोक बुजवावे, तर धोकादायक घरास दुरुस्ती मना आहे.

४. माझी बायको हुसेनबी हिची माहेरची आठ माणसे भूकंपात दगडांखाली गेली. पट्टा होईपर्यंत ती दोन वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, मग माझ्या शब्दावर आत आली. भोक पडल्यापासून तिने बिछाना अंगणात नेला आहे. पट्ट्यावर हात ठेवून दाखवला, तर म्हणते, "पट्ट्याखालचे दगड दिसायलेत. मी न्हाई येत."

साहेब, दाखला नको, भाडेकरू नकोत. घर पाडायचे तेव्हा पाडा. तोवर तेवढे भोक बुजवू द्या, पाटीभर माल पुरतो. परवानगी येईल म्हणून दोनदा कालवला, दोन्ही वेळा पाटीतच घट्ट झाला. पावसाळा लागला आहे आणि ती अंगणातच आहे.

आपल्या हुकमाची वाट पाहणारा,
जिलानी खाजामियाँ
दि. ८ जुलै २०१९

सोबत : १. गवंडी शिक्षणाचा दाखला, १९९५. २. भोकाचा फोटो.