जोडनळी

३ फेब्रुवारी

आज सकाळी साडेसहालाच शिंपीणबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. उपाशीपोटी रक्त घ्यायचं तर माणूस चहापर्यंत पोचायच्या आत गाठावा लागतो. एकवीस वर्षांत एवढं एक शास्त्र मला पक्कं कळलं आहे. दार उघडून त्या म्हणाल्या, "आला का यमदूत!"

"यमदूत रक्त मागत नाही बसत, बाई. सरळ उचलतो."

बाईंनी हसत हसत हात पुढे केला. साखरेसाठी रक्त, वजन, कमरेचा घेर, मग पाच मिनिटं गप्प बसवून रक्तदाब. शिंपीणबाईंना पाच मिनिटं गप्प बसवणं हेच यातलं सगळ्यात कठीण काम! तीनदा मोजायचं, पहिला आकडा सोडून द्यायचा, उरलेल्या दोहोंची सरासरी लिहायची. १२८ आणि ८४.

"छान आहे," म्हटलं.

"डोकं दुखतं हो भाऊ, अधूनमधून."

"सुया ओवून ओवून दुखणारच. डोळे दाखवून घ्या."

पाहणीची ही अकरावी फेरी. दर दोन वर्षांनी त्याच गल्ल्या, तीच माणसं. कोणाला मधुमेह होतो, कोणाचं हृदय कुरकुरायला लागतं आणि त्याआधी दहा वर्षं अंगात काय दिसत होतं, ते बघायचं. माझ्या वाट्याला अकराशे माणसं. दुसऱ्या भागांत लोक कंटाळून दार लावून घेतात. माझ्याकडे एकही नाव गळलेलं नाही, देवाघरी गेलेली सोडून. याचा मला अभिमान आहे. असू दे. फुकटचा नाही.

५ फेब्रुवारी

चौदा घरं. एक कुत्रं. पँट वाचली.

९ फेब्रुवारी

कचेरीत बैठक. पाहणीच्या प्रमुख, आमच्या मोठ्या डॉक्टरबाई, यांनी भिंतीवर तक्ता लावला. गेल्या चार वर्षांत सगळ्या भागांतला रक्तदाब चढतो आहे. एकच रेघ खाली येते आहे — माझी!

"मास्तर, काय जादू करता?"

मी म्हणालो, जादू कसली. दर खेपेला सांगतो — चाला, मीठ कमी करा, तंबाखू सोडा. लोक माझं ऐकतात. एप्रिलच्या मोठ्या परिषदेत बाई याच रेघेवर बोलणार आहेत. माझं नाव घेणार म्हणाल्या. गाडीचा चालक मागून पुटपुटला, "मास्तरांनी पट्टा बांधला की बीपी लाजेनंच खाली येतं." सगळे हसले. मीसुद्धा.

मास्तर हे नाव मला जोडनळीमुळे पडलं. जोडनळी म्हणजे दोघांचा मिळून एक स्टेथोस्कोप : एकाच चकतीला दोन नळ्या, दोन माणसांनी एकाच दंडावरचा आवाज एकाच वेळी ऐकायचा. रक्तदाब मोजणाऱ्या प्रत्येकाची दर वर्षी तिच्यावर परीक्षा होते, आणि परीक्षक मी. ज्याचा आकडा माझ्याशी जुळेल तो पास. नवी यंत्रं बाजारात कधीचीच आली, पण आमच्याकडे अजून पारा आणि कान. मोजायची तऱ्हा बदलली तर वीस वर्षांची तुलना मोडेल.

माझा कान शाळेत तयार झाला. गावात चार इयत्ता एकाच खोलीत. गुरुजी एकीला शिकवायचे आणि बाकी तिघींचा गलबला चाललेला असायचा. त्या गलबल्यातून आपल्यापुरता आवाज वेचायचा. ज्याला ते जमलं तो शिकला. बाकीचे गुरं राखायला गेले.

१० फेब्रुवारी

ही म्हणाली, "अहो, कपड्यांचं मशीन चालू आहे की थांबलंय, हे तुम्ही हात लावून का बघता हल्ली?" मी म्हटलं, सवय.

१८ फेब्रुवारी

शिंपीणबाई रस्त्यात भेटल्या. चष्म्यासाठी गेल्या होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरने आत दिवा टाकून बघितलं आणि म्हणाला, तुमचा रक्तदाब बरीच वर्षं चढा असणार, शिरांवर खुणा दिसताहेत. तिथेच मोजला. १७४!

"भाऊ, तुम्ही तर छान म्हणाला होतात."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, त्यांचं यंत्र बिघडलेलं असेल, शिवाय दवाखान्यात घाबरून चढतो. उद्या येतो, परत मोजतो.

शंभर टक्के यंत्रच.

१९ फेब्रुवारी

जे झालं ते क्रमाने लिहितो.

साक्षीला कोणीतरी हवं म्हणून शेजारच्या भागातल्या नर्सताईंना सोबत नेलं, जोडनळीही घेतली. नर्सताईंना मी गेल्या वर्षी नापास केलं होतं. त्यांचे आकडे माझ्यापेक्षा नेहमी तीसेकाने वर. "घाई करता, आवाज यायच्या आधीच बोट उचलता," असं मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो. शेऱ्यात लिहिलं होतं — कान कच्चा. दोन महिने त्यांना घरोघरी जायला बंदी आणि कचेरीत कागद लावायचं काम.

शिंपीणबाईंच्या दंडाला पट्टा बांधला. फुगा दाबून पारा दोनशेवर नेला आणि हळूहळू सोडायला लागलो. पहिला ठोका ऐकू आला की बोट उचलायचं आणि प्रत्येक ठोक्याला हलवायचं. १७२ वर नर्सताईंचं बोट उठलं. मनात म्हटलं, झाली यांची घाई! पारा उतरत होता. १७०. १६६. बोट ठेक्यात हलत होतं. माझ्या कानात काही नाही. सामसूम.

नियमाप्रमाणे कान लावायच्या आधी मनगटाची नाडी चाचपायची असते. ते मी कधीचंच सोडून दिलंय. कान असताना बोटं कशाला, असं मीच नवशिक्यांना ऐटीत सांगायचो. आज काय वाटलं कोण जाणे, मोकळी दोन बोटं बाईंच्या मनगटावर ठेवली.

नाडी लागत होती. नर्सताईंच्या बोटाबरोबर. तंतोतंत.

मला पहिला ठोका आला तो १३८ वर.

शिंपीणबाईंनी विचारलं, "काय झालं? मेले की जगले?" नर्सताई त्यांच्याशी बोलत बसल्या, आजच डॉक्टरकडे जा म्हणाल्या, चिठ्ठी लिहून दिली. मी पट्टा गुंडाळत होतो.

जिन्यात म्हणालो, "ताई, कच्चा कान माझा निघाला."

"मास्तर, मला ते गेल्या वर्षीच माहीत होतं. पण परीक्षकाची परीक्षा घ्यायची कोणी?"

२१ फेब्रुवारी

कान तपासले. घंटीसारखे बारीक आवाज उत्तम. जाड, दबके, खालच्या सुरातले आवाज निम्मेही पोचत नाहीत. चार-पाच वर्षांत हळूहळू गेले असावेत. "पाखरं ऐकू येतात ना?" तपासनीसाने विचारलं. येतात! म्हणूनच कळलं नाही.

म्हणजे लोकांनी माझं ऐकलं म्हणून ती रेघ खाली येत नव्हती. मला ऐकू येत नव्हतं म्हणून येत होती.

दुपारी हसू आलं. खरंच आलं. पहाटे इतकी वर्षं डोळे मिटून देवापुढे बसतो आणि म्हणतो, अहंकार काढ. त्याने नेमका माझ्या कानालाच हात घातला!

२२ फेब्रुवारी

जुन्या वह्या काढल्या. चार वर्षांत मी 'छान' म्हणून लिहिलेली माणसं मोजली. सहाशे बारा. यातले किती खरे छान, देव जाणे.

पोस्टातल्या अण्णांच्या पानाशी थांबलो. निवृत्त पोस्टमन. मला बघितलं की ओरडायचे, "टपाल आलं का रे?" दोन वर्षांमागे मी त्यांना १३० सांगितलं. पाच आठवड्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी मी त्यांच्या नावापुढे तारीख घातली, 'मृत' लिहिलं आणि पुढच्या घराला गेलो.

२४ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. माझ्या गेल्या दोन आणि या फेरीचे रक्तदाबाचे सगळे आकडे रद्द करावेत. नर्सताईंचा शेरा खोडावा. ज्या ज्या माणसाला मी मोजलं त्याला दुसऱ्या कानाने पुन्हा मोजावं. चार ओळींत मावलं. गुरुजी म्हणायचे, खरं असलं की पाल्हाळ लागत नाही.

२६ फेब्रुवारी

मोठ्या डॉक्टरबाईंनी पत्र दोनदा वाचलं.

"मास्तर, तुमची चार वर्षं वजा केली तर एप्रिलमध्ये मी बोलू काय?"

"माझं नाव घेणार होतात ना, बाई? घ्या. फक्त कारण बदला."

त्यांना हसू फुटलं, मग कपाळाला हात लावला. बाई सरळ आहेत. लगेच कामाला लागल्या — फेरमोजणीची यादी, नर्सताई पुढे, यापुढे परीक्षकाचीही परीक्षा. लोकांना छापील सूचना द्यायची ठरली : 'तांत्रिक कारणास्तव आपला रक्तदाब पुन्हा मोजण्यात येत आहे.'

मी म्हणालो, यात तंत्र कुठे आलं? मी चुकलो. मीच दारोदार जाऊन सांगतो.

"लोक तोंडावर दार लावतील, मास्तर. एकवीस वर्षांची कमाई आहे."

"त्याच कमाईवर तर जातोय."

१ मार्च

यादी आली. अण्णांचं नाव त्यात नाही. असणार कसं? यादी जिवंत माणसांची.

अण्णांच्या बायकोला, वहिनींना, जाऊन सांगू का, असं नर्सताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जाऊ नका. वहिनी आत्ता कुठे सावरल्यात. तुमचं मन हलकं करायला त्यांचं का जड करता?"

बोलणं खोटं नाही. हिला विचारलं. ही पोळी लाटत होती, मान वर न करता म्हणाली, "तुम्ही जाणारच आहात. मला कशाला विचारता?"

४ मार्च

आज पहिला दिवस. अकरा दारं. प्रत्येक दारात एकच वाक्य — "मी तुम्हाला चुकीचा आकडा सांगितला होता, माझा कान गेलाय." मग नर्सताई मोजतात, मी पिशवी धरतो. दोघं चिडले. एकाने विचारलं, "मग वजन तरी बरोबर आहे ना? का तेही कमीच सांगितलंत?" वजन बरोबर आहे म्हटल्यावर त्याचं तोंड पडलं! दार कोणीच लावलं नाही. तिघांचा रक्तदाब चढा निघाला. तिघंही वेळेत सापडले.

रोज अण्णांच्या गल्लीवरून जातो. वळत नाही.

९ मार्च

आजही वळलो नाही. सात जणांना औषध सुरू झालं. शिंपीणबाई आता १४० वर आल्या आहेत, "यमदूताला रजा दिली," म्हणतात. काम चोख चाललं आहे. मीच तेवढा अर्धा.

रात्री पुन्हा देवापुढे बसलो होतो. काही मागितलं नाही. उद्या जायचं ठरवून उठलो.

१० मार्च

गेलो. एकटाच. वहिनींनी पाणी दिलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं — तो आकडा, माझा कान, अण्णांचा रक्तदाब तेव्हाच खूप चढलेला असणार. त्या म्हणाल्या, "ते गेले त्या सकाळी टाकी धुवायला गच्चीवर मीच चढवलं त्यांना. नको म्हणत होते. मी म्हटलं, कागदावर सगळं छान आहे, ढोंग करू नका. दोन वर्षं भाऊजी... दोन वर्षं मी धरून चाललेय की माझ्यामुळे गेले." आणि मला म्हणाल्या, "बसा."