चार बोटं उठलेली गाडी

मं. ११ मार्च
चाकांतली हवा सोडत होते तेव्हा मी पोचले. मागची चाकं बसली, ट्रक खाली दबला, पुलाच्या गर्डरमध्ये रुतलेलं ट्रकवरचं कारखान्याचं धुराडं एकदाचं सुटलं. पत्र्याचा आवाज बराच वेळ. मागे गाड्यांची रांग सिग्नलपर्यंत. एक बाईकवाला म्हणाला, "काय मॅडम, तुमचा का हा कुतुबमिनार?" मी हो म्हणाले.

धुराड्याचा वरचा तुकडा आधीच तुटून रिक्षावर पडला होता. रिक्षावाल्याचा पाय मोडला. त्याला हॉस्पिटलात नेलं होतं, आणि आमच्या ड्रायव्हरला, कांबळेंना, पोलीस चौकीत. एकवीस वर्षांत पहिला अपघात.

आमच्या ट्रान्सपोर्टच्या यार्डात सगळ्यांचं एकच. कांबळे कसे काय धडकले? मी चहा घेतला.

बु. १२
क्रमाने लिहिते. इथे तरी.

काल सकाळी भांडुपच्या यार्डात गाडी भरली. पुढे प्रेसचं मशीन, भयंकर जड. मागे उभं धुराडं, उंच पण हलकं. मी काठी लावली. माझं काम तेच. खुणा केलेला बांबू, मालाचं सगळ्यात वरचं टोक, मग कागदावर सही. पुलाखाली दोन बोटं जागा उरत होती. उरली. गाडी घाटकोपरला नीट गेली. मशीन तिथे उतरलं. धुराडं मुलुंडला द्यायचं, म्हणून परत त्याच पुलाखालून यायचं.

पावणेबाराला कांबळेंचा फोन.
"ताई, मशीन उतरलं. गाडी उठलीय. येऊन काठी लावता का?"

ओझं उतरलं की खालचे स्प्रिंगचे पाटे सैल होतात, गाडी वर येते. नव्या ड्रायव्हरांना हे मीच सांगते. ओझं बदललं की माप बदललं.

ऊन होतं. जाऊन येऊन दोन तास.
"मघाशी त्याच पुलाखालून गेलात ना? मग या तसेच."
"तुम्ही म्हणता तर येतो."

एक मिनिट दहा सेकंद. फोनमध्ये नोंद आहे. पुसली नाही. पुसता येते का ते पाहिलं. येते.

गु. १३
शेठनी बोलावलं. "मॅडम, तुम्ही एम. ए. मराठी. कंपनीचा जबाब तुम्हीच लिहा. छोटा, झकास."
निघताना उंची मोजली होती, माप बरोबर होतं, सहीचा कागद सोबत. एवढंच हवं.
"आणि कांबळे?"
"त्याचं पोलीस बघतील."
"लायसन्स जाईल त्यांचं."
"लायसन्स त्याचं आहे ना. यार्ड सगळ्यांचं आहे."

चार वाक्यं लिहिली. चारही खरी. वाचणाऱ्याला आपोआप कळेल ते लिहू नये, असं कॉलेजात शिकले. मी जे त्याला कधीच कळणार नाही, तेवढंच गाळलं.

शेठनी दोनदा वाचलं. "एक शब्द जास्तीचा नाही."
सही केली. दुपारीच चौकीत गेला कागद.

शु. १४
धुळवड. सुट्टी. समोरच्या वहिनींनी बेल वाजवली. "अगं ए, आहेस ना? रंग नाही लावत, फक्त पुरणपोळी आणलीय." मी दारामागे उभी. त्या गेल्या. तरी उभी होते. किती वेळ ते पाहिलं नाही.

श. १५
कांबळे जामिनावर सुटले. केबिनमधलं सामान न्यायला यार्डात आले. बाबासाहेबांचा फोटो, उशी, पाण्याची बाटली. पिशवी भरून झाली तरी केबिनमध्येच बसले. मी खाली उभी राहिले.

"फोनचं सांगितलंत पोलिसांना?"
"नाही."
"का?"
"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो."
मी केबिनचं दार धरलं.
"मुलीचे फोन येतायत लातूरहून," म्हणाले. "म्हणते, पप्पा, तुम्ही तर उंची न बघता दारातून पण जात नाय." हसले थोडे. "स्टेअरिंग माझ्या हातात होतं, ताई. माझी चूक आहेच. पण सगळी नाही."

राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

र. १६
बांबू घेऊन पुलाखाली गेले. कशाला, माहीत नाही. एक रिकामा ट्रक कडेला उभा होता. तोही मोजला.
ट्रॅफिक हवालदार आला. "काय मोजता, बाई?"
"पूल."
"तो काय वाढत नाय. निघा, गाडी उडवेल कुठली तरी."

गर्डरवर ताजा चरा आहे. चकचकीत. परत आल्यावर गाडीचे जुने कागद काढले. भरलेली आणि रिकामी यांत चार बोटांचा फरक. म्हणजे गाडी यायलाच नको होती. येऊन काठी लावली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं.

सो. १७
शेठना सांगितलं, मला दुसरा जबाब द्यायचाय.
"पहिल्यात खोटं काय आहे?"
"काही नाही."
"मग?"
फोनचं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.
"कांबळे बोलला का कुणाकडे?"
"नाही."
"तो गप्प, मग तुम्हाला काय खाज? तुमच्यावर केस होईल. परत काठी हातात घेऊ देणार नाही कुणी. मी तर नाहीच."
"हो."
"घरी कोणाला विचारलं?"
घरी कोणी नाही हे त्यांना माहीत आहे.

पान लिहिलं. या वेळी लांबलं. ऊन होतं, तेही लिहिलं. मग खोडलं. मग परत लिहिलं. चौकीत गेले तर साहेब बंदोबस्ताला. उद्या अकराला या म्हणाले. पान पर्समध्ये आहे. उद्यापर्यंत ते फाडलं तरी कोणीच काही म्हणणार नाही. मीही नाही. हीच भीती.

मं. १८
अकराला दहा मिनिटं असताना चौकीत. बाकावर कांबळे आधीच बसलेले, जामिनाच्या हजेरीला. सरकून जागा दिली. हवालदार बाहेर आला. "ट्रकच्या केसचं कोण?" दोघंही उठलो. तो म्हणाला, एकेक या.