तात्यांच्या रायफलीचा अडकलेला बोल्ट

एकलहरे वसाहत, नाशिक रोड
२४ ऑगस्ट १९९९

तीर्थस्वरूप शकुताईस,

धाकट्या दिनेशचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? कळवणकडे पाऊस कितपत झाला आणि भाऊजींचा कांदा चाळीत टिकून आहे ना, ते सविस्तर कळव. इकडे मी, संध्या आणि आई, तिघंही सुखरूप आहोत. (हे वाक्य दरवेळी सवयीने लिहितो, तसं लिहिलेलं नाही. शनिवारच्या प्रकारानंतर नीट खात्री करून लिहिलं आहे.)

तात्या गेल्यावर त्यांची शिकारीची रायफल वारस म्हणून तात्पुरती माझ्या ताब्यात आली, हे तू जाणतेसच. आता निवडणूक लागल्यामुळे परवान्याच्या सगळ्या बंदुका शनिवारपर्यंत पोलिसांकडे जमा करायचा हुकूम निघाला. जमा करण्यापूर्वी पुसून घ्यावी म्हणून मी ती माळ्यावरून काढली, तर बोल्ट हलेना. (बोल्ट म्हणजे गोळी आत ढकलायचा तो वाकड्या मुठीचा दांडा. लहानपणी आपण त्याला हात लावला की पाठीत धपाटा बसायचा.) आधी रॉकेल घातलं, मग खोबरेल, मग संध्याच्या शिलाई मशीनचं तेल. मूठ तसूभर हलली नाही. वीजकेंद्रात काम करणाऱ्या माणसाची अडचण अशी की त्याचे सगळे शेजारी फिटर असतात. दुपारपर्यंत आमच्या हॉलमध्ये सहा तज्ज्ञ बसले होते. बॉयलर विभागातला गोरक्ष तर मोठी हातोडी घेऊनच आला. तेव्हा संध्या स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने शांतपणे विचारलं, "आत गोळी नाही, हे कुणी बघितलंय का?" कुणीच बघितलं नव्हतं. सहाही तज्ज्ञांना एकदम कामाच्या पाळीची आठवण झाली.

शनिवारी सकाळी मी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार भला माणूस. बोल्ट उघडून नळी रिकामी दाखवा, मग पावती देतो, म्हणाला. उघडत नाही म्हटल्यावर तो दोन पावलं मागे सरकला. भरलेलं हत्यार आम्ही जमा करून घेत नाही, आणि भरलेलं हत्यार घेऊन तुम्हाला बाहेरही जाऊ देता येत नाही, असं त्याने मला समजावलं. शिवाय नळीचं तोंड कुणाकडे करू नका. ताई, त्या खोलीत एका बाजूला साहेबांची केबिन, दुसऱ्या बाजूला थोर पुरुषांच्या तसबिरी आणि समोर तक्रार द्यायला आलेल्या बायका. शेवटी छताकडे नळी करून मी पाऊण तास उभा होतो, तर वरच्या पंख्याखालून एक जण खुर्ची उचलून दुसरीकडे गेला. मग साहेबांनी एक शिपाई बरोबर देऊन मला जुन्या नाशकात बंदुका दुरुस्त करणाऱ्या पुंजाराम मिस्त्रीकडे पाठवलं. रिक्षात शिपाई, मी आणि मधे ती उभी. रिक्षावाल्याने वाटेत एक अक्षर काढलं नाही, आणि हिरवा दिवा असला तरी तो थांबत होता.

पुंजाराम मिस्त्री सत्तरीचा, परवान्याचं दुकान. त्याने रायफल शिकंज्यात धरली, नळी वाळूच्या पोत्याकडे केली आणि आम्हाला दाराबाहेर बसवलं. कसलंसं औषध सोडून दोन तास मुरू दिलं. मग आतून एक बारीक आवाज आला, 'खट्'. आत गेलो तर मिस्त्री सांध्यांतून लाल-पिवळा लगदा कोरून काढत होता. कुंकू, हळद, अक्षता आणि चिकटाचे थर. आपली आई दर दसऱ्याला या बंदुकीला करडईच्या तेलाची बोटं लावून पूजा करायची, त्या तेलाचं, खिडकीच्या काचेला लावतात तसं, लुकण झालं होतं. एवढी पूजा देवाचीसुद्धा होत नाय, असं मिस्त्री म्हणाला.

आणि ताई, आत काडतूस होतं. जिवंत. मिस्त्रीने ते माझ्या डोळ्यांसमोर धरून त्याच्या बुडाला पडलेली बारीक खोच दाखवली आणि म्हणाला, "चाप ओढलाय, पण गोळी फुटली नाय."

तू शाळेत दरवर्षी मुलांना सांगतेस ती गोष्ट आठव. एकाहत्तर साली तात्यांनी विहिरीपाशी बिबट्यावर नेम धरला, त्याच्या डोळ्यांत बघितलं, बोट मागे घेतलं आणि त्या दिवसापासून शिकार सोडली. मी चिमणीला दगड मारला तेव्हा हीच गोष्ट मी कान धरून ऐकली आहे. आणि इथे ही खोच. पावती घेऊन घरी आलो आणि आईला सांगितलं, तर तिने लसूण सोलणंही थांबवलं नाही. "मला ठावं हाय," म्हणाली, "मी तिथंच होते. टक् आवाज झाला. जनावरानं वळून बघितलं आन गेलं. तुझे तात्या लय थरथरत होते. मीच म्हणलं, सोडलंत त्याला, लय बरं केलंत."

मी तिला विचारलं, आणि एवढं तेल? ती म्हणाली, आत गोळी हाय हे ते कबूल करंनात, मग निदान कुणाला उघडता येऊ नये म्हणून.

मीही तिच्याजवळ बसून लसूण सोलायला लागलो. ही बंदूक तेव्हा ज्या भिंतीवर टांगलेली असायची, तिच्याखालीच माझा पाळणा होता, हे आठवलं, आणि तरी फार हलकं वाटलं. तात्यांची मला आयुष्यभर भीती वाटत आली. त्या दिवशी पहिल्यांदा ते आवडले.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
दिनेश

ता. क. मुख्य काम राहिलंच. सोबत एक संमतीपत्र आहे. रायफल कायमची सरकारजमा करायला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. आईने माझ्याआधी केली. तू खाली कर. रायफल स्वतःला मिळावी म्हणून भाऊजी दोनदा बोलले होते, तेव्हा ते मळ्यात गेलेले बघून कर.

ता. क. २. आईने पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. सगळं बरोबर आहे म्हणते, फक्त तिने बिबट्या असं कधीच म्हटलेलं नाही. ते तरस होतं. तू शाळेत बिबट्याच ठेव.