उपरण्याची पिन

किहीम,
गौरी-गणपती पोचते करून झाल्यावर

तीर्थरूप सदामामांस,

प्रज्योतचा वाकून नमस्कार. (‘वाकून’ हे उगाच लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. इतकी वर्षं मी मोठ्यांना ताठ उभ्यानंच नमस्कार ठोकायचो, कारण वाकलं की शर्टाच्या आत काय लोंबतंय ते समोरच्याला दिसायचं. आता कुणीही या, कमरेतून वाकतो.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा मोबाइल ठणठणीत असेलच. त्यावर आलेला प्रत्येक निरोप त्या स्पीकरवर लावतात आणि अर्धं माणगाव ऐकतं, म्हणून हा कागदाचा उद्योग. तुमच्या वरदलाही माझ्यासारखंच झालंय आणि ऑपरेशनात नेमकं काय होतं ते सविस्तर कळव, असं तुम्ही म्हणालात. कळवतो. माझ्याइतकं अनुभवी माणूस या किनाऱ्यावर दुसरं नाही, आणि असलं तरी ते शर्ट घालून गप्प बसलं असणार.

मुलाच्या छातीला मुलीसारखा उभार येणं म्हणजे काय, हे ज्याला येतो त्यालाच ठाऊक. समुद्र हाकेवर आणि मी पोहणं सोडलेलं. अलिबागच्या कॉलेजात वर्गातल्या भावेशने कँटीनमध्ये सगळ्यांदेखत “ताई, जरा सरकून बसा” म्हटलं. मी त्याच्या डोक्यावर मिसळ उपडी केली (तर्रीसकट). प्राचार्य म्हणाले माफी लिहून दे. मी म्हटलं, कॉलेजच ठेवा तुमच्याकडे, आणि दुसऱ्या वर्षातून उठून घरची नारळाची वाडी बघायला लागलो. तेही चाललं असतं हो मामा, पण मैथिली! आमच्या भटजींची, यज्ञेश्वरकाकांची मुलगी. चतुर्थीला काकांना घरोघर गणपती बसवायचे असतात, तेव्हा हीच त्यांना स्कूटरवर मागे बसवून फिरवते आणि प्रत्येक घरी दारात उभी राहून पूजा बघते. आमच्याकडे पूजेला बसणार मी. सोवळं नेसायचं म्हणजे अंगात सदरा नाही. आळीतली बाकीची पोरं खुशाल उघडीबंब बसतात. मी मात्र उपरणं गळ्यापासून बेंबीपर्यंत लपेटून आतून आईची सेफ्टी पिन लावायचो. एका वर्षी ऐन ‘करोद्वर्तनार्थे चंदनं’ला ती पिन सुटून छातीत घुसली आणि मी “आई गं!” म्हणून किंचाळलो. काकांना वाटलं, पोराला भक्ती दाटून आली. त्याच दिवशी ठरवलं, एक ना एक चतुर्थी मैथिलीसमोर उपरण्याशिवाय बसायचं.

आधी मी जोर मारले. त्याने आतले स्नायू वाढले आणि त्यांनी वरचा ऐवज आणखी पुढे ढकलला. शेवटी पनवेलचा डॉक्टर गाठला. त्याने छाती चाचपून सांगितलं, ही नुसती चरबी नाही, आत ग्रंथी आहे, जोर मारून जायची नाही. मग दारू पितोस का, कसली औषधं घेतोस का, सिगारेट ओढतोस का, असं विचारायला लागला. मी उसळलो की मी उपचाराला आलोय, स्थळ म्हणून नाही. तो हसला आणि रक्त तपासायला पाठवलं. रक्तात काही निघालं नाही, तेव्हा ऑपरेशन ठरलं. (वरद अजून दहावीत आहे ना? मग त्याला डॉक्टरला दाखवा, पण कापाकापीची घाई करू नका. या वयात बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं म्हणे. माझं ओसरलं नाही, माझा स्वभावच चिवट.)

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरने मला उभा करून छातीवर पेनने गोल काढले, फणस हेरून खुणा करून ठेवतात तसे. मग भूल. स्तनाग्राच्या कडेला बारीक चीर देतात, नळीने चरबी ओढून घेतात आणि ग्रंथी कापून काढतात. मला यातलं काही कळलं नाही. कळलं ते हे, की शुद्धीवर येताना मी बरंच बोललो, कारण जाग आली तेव्हा सिस्टर विचारत होती, “मग मैथिलीला सांगितलंस का नाही अजून?” दोन्ही काखांखाली साचलेलं रक्तपाणी काढायला नळ्या आणि त्यांना छोट्या बाटल्या, म्हणजे माडीची मडकी लावलेला माडच मी! नळ्या निघाल्यावर पट्टीतून डोकावलो तर छाती पूर्वीपेक्षा मोठी! मी अंथरुणातूनच डॉक्टरला फोन लावून फसवणुकीची पोलीस केस करतो म्हणून ओरडलो. तो म्हणाला, “सूज आहे राजा, धीर धर.” धीर धरला. रंग आधी जांभळाचा, मग रातांब्याचा, मग पिकल्या आंब्याचा. छाती इतकी बधिर की डास चावताना दिसायचा, कळायचा नाही. आणि वर तो घट्ट दाबाचा बनियन, रात्रंदिवस, आपल्या इथल्या उकाड्यात! हात वर करायचे नाहीत, नारळ उचलायचे नाहीत, उताणं झोपायचं. आईने गावात हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलेलं. लोक शहाळी घेऊन यायचे, माझ्या पोटाकडे बघायचे आणि मी छाती सांभाळत बसलेलो. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, हर्निया वर सरकलेला दिसतोय.

पण मामा, चतुर्थी उजाडली! डॉक्टरने केव्हाच मोकळीक दिलेली. विहिरीवर आंघोळ केली, सोवळं नेसलो आणि खांद्यावर एक चिंधी न घेता पडवीतून माजघरात आलो. छाती पाटासारखी! (डावीकडे किंचित खळगा आहे, तो मलाच दिसतो.) मैथिली दारात. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “उपरणं?” “सोडलं,” मी म्हटलं. काकांनी ताम्हनात पळी आपटली आणि थेट मंत्रच म्हणायला लागले. विसर्जनाला मूर्ती डोक्यावर घेतली, दोन्ही हात वर, उघड्या अंगाने भर गर्दीतून समुद्रात शिरलो आणि बुडी मारली. वर आलो तेव्हा असा आरडलो की शेजारच्या मंडळाचा ढोल थांबला. वरदला एवढंच सांगा: दुखतं, खाजतं, चिडचिड होते, आणि मग एक दिवस समुद्र परत मिळतो.

मामींना नमस्कार, वरदला टपली.

तुमचा सपाट भाचा,
प्रज्योत

ता. क. एक भानगड झालीय. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काका आईला म्हणाले, “अख्ख्या आळीत एवढाच मुलगा उपरण्याशिवाय पूजेला बसत नसे. असा आचाराचा मुलगा हल्ली मिळत नाही म्हणून मैथिलीसाठी यंदा शब्द टाकणार होतो. पण हा तर साफ बहकला!” आई चहा ओतायची थांबली, मी भिंतीवर डोकं आपटायचा थांबलेलो नाही. मामा, काका तुमच्या मुंजीचे सोबती, तुमचं ऐकतात. नवरात्राच्या आत या, त्यांना खरं काय ते बाजूला घेऊन सांगा (हर्निया सांगू नका, त्याचा छातीशी मेळ बसत नाही) आणि येताना माणगावातून दोन चांगली उपरणी आणा.

ता. ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच मैथिली वाडीत दूर्वा न्यायला आली. मी सगळं ओकलो. ती म्हणाली, “आई गं ओरडलास ना, तेव्हा उपरण्यावर रक्ताचा ठिपका मी पाहिला होता. कशासाठी लपेटतोस ते तेव्हाच कळलं. मला काय त्याचं? पांघर मेल्या उपरणं बाबांसाठी. फक्त पिन लावू नकोस.”

तेव्हा मामा, दोन नको. चार आणा.