फळी समुद्रावर न्यायची आहे

९ नोव्हेंबर

सात वेळा पडले! सातव्यांदा तर शीड डोक्यावर, मी त्याच्याखाली, आणि काठावर म्हशी धुणारे जानकूबाबा ओरडतायत — "मॅडम, हायेत का?" आहे म्हटलं, अजून आहे.

पण आठव्यांदा उभी राहिले ती थेट येडगाव धरणाच्या मधल्या पाण्यापर्यंत गेले. शिडात वारा भरला की हातांना जी ओढ लागते ती शाळेत पोरांना कशी समजावून सांगणार? पी.टी.च्या तासाला बसत नाही ते.

प्रतीक्षा गुडघाभर पाण्यात उभी राहून बघत होती. ती कळंबला नर्स आहे. शिडाची ही फळी, विंडसर्फिंगची, तिचीच, पुण्यातला एक क्लब बंद पडला तेव्हा उचललेली. शिकवलंही तिनेच, दोन वर्षं, दर रविवारी. आज म्हणाली, "धरण बास झालं. आता समुद्र."

नाताळच्या सुट्टीत. पाच दिवस. तंबूत राहायचं. जागा तिने मोबाइलच्या नकाशावर वरून बघून ठेवलीय — वाळूची पांढरी रेघ, मागे टेकडी, मागे जंगल. रस्ता नाही, हॉटेल नाही, वीज नाही. मोटार-बोटी नाहीत, पाण्यावरच्या स्कूटर नाहीत, फोटो काढणारे नाहीत. जागेचं नाव इथे लिहीत नाही. माझा नवरा, नवनाथ, ही वही चोरून वाचतो आणि त्याच्या पोटात काही राहत नाही.

मला जायचंच आहे. एकोणतीस वर्षांची झाले, अजून कुठल्या गोष्टीसाठी हट्ट केलेला नाही. यासाठी करणार.

१० नोव्हेंबर

नवनाथला सांगितलं. टोमॅटोची पिकअप धूत होता. मला वाटलं हसेल. पाइप बंद करून त्याने एकच विचारलं — "पाणी?"

"समुद्रात असतं," मी म्हटलं.

"प्यायचं गं!"

तो धरून तीन माणसं, पाच दिवस, गाडी उभी करायची तिथून वाळूपर्यंत तास-दीड तासाची पायवाट. फळी, शीड, तंबू, वर कॅन. नाही जमणार. मग म्हणाला, "आईला विचार की. बावीस वर्षं ती त्याच मुलखात मेंढरं घेऊन जात व्हती. तिला झरान् झरा ठाऊक हाय."

हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड, घाट उतरून कोकण, थेट पावसाळ्याच्या तोंडाला परत. सासूबाईंच्या समुद्राच्या गोष्टी सगळ्या गावाला पाठ आहेत. हळदीला बायका मुद्दाम बसवून घेतात — द्रौपदाबाई, समिंदर सांगा! मग त्या हात पसरतात — "डोळ्यात मावत न्हाई बया, आभाळच खाली आंथरल्यावानी."

११ नोव्हेंबर

विचारलं. भाकऱ्या थापत होत्या. जागा सांगितली, झऱ्याचं विचारलं. हात थांबला.

"मला काय ठावं."

"आत्या, तुम्ही तर तिथंच —"

"बाईमानसानं कशाला जायाचं समिंदरात? हितलं पानी सरलं का?" आणि परात उचलून आत.

शिक्षिकेची नोकरी चालते, पिकअप चालवलेली चालते, समुद्र तेवढा चालत नाही! गावजेवणाला सांगायला समुद्र आहे, सुनेला सांगायला नाही. इतका राग आलाय की अक्षर बघवत नाही.

त्यांनी नाही म्हटलं तर सगळंच अडतं. पाण्याचं तर आहेच, पण घरच्या अकरा मेंढ्या पाच दिवस कोण बघणार?

१२ नोव्हेंबर

सासूबाई बोलत नाहीत. मीही बोलत नाही. मेंढ्या तेवढ्या बोलतात.

१६ नोव्हेंबर

तिकडच्या ग्रामपंचायतीत फोन लागला एकदाचा. पलीकडचे गृहस्थ फार गोड. तंबू लावायला हरकत नाही म्हणाले, कचरा मात्र परत न्या, आणि आलात की नावं नोंदवा. मग म्हणाले, "पण ताई, इथे काहीच नाही हो! कशाला येताय?"

"म्हणूनच येतोय," मी म्हटलं. मनात वेडी म्हणाले असतील.

पण वाळूजवळची विहीर खारी आहे. टेकडीत कुठेतरी गोडं पाणी आहे असं म्हातारे सांगायचे, ते म्हातारे आता नाहीत. आमच्या घरात एक आहे. ती बोलत नाही.

२० नोव्हेंबर

तरी तक्ता केलाच. प्रतीक्षा म्हणते पाणी सापडेल असं धरूनच तयारी करायची. लाइफ जॅकेट, दोरी, शिट्टी, तिचं औषधांचं डबडं. रोज सकाळी साडेसहा ते दहा फळी, दुपारी सावली, संध्याकाळी स्वयंपाक. सकाळची सवयच आहे मला — रविवारी शिकलेलं एरवी शाळेच्या आधी जो वेळ मिळतो त्यातच घोटते मी. वारा कुठूनही येवो, येडगावला कुठल्या ना कुठल्या काठाला लागतेच. मग फळी डोक्यावर घेऊन चालत परत.

२४ नोव्हेंबर

आजचा दिवस नीट लिहायचाय.

प्रतीक्षा जेवायला आली होती. जेवणानंतर ओसरीवर नकाशा पसरला, चार कागद चिकटवून केलेला. सासूबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. आमच्याकडे लक्ष नाही असं दाखवत. प्रतीक्षा मोठ्याने वाचत होती — सकाळी साडेसहा, पाण्यात.

"सकाळी जाऊ नगा."

आम्ही दोघींनी वळून बघितलं. तेरा दिवसांनी पहिलं वाक्य!

"का, आत्या?"

"सकाळचं वारं डोंगराकडनं येतं. समिंदराकडं ढकलतं. तुमची फळी कुटं नेऊन सोडंल?" सुपातला खडा काढून टाकला आणि पुढे म्हणाल्या, "कोकरं बांबूच्या डालीखाली असायची. पहाटं डोंगराच्या अंगाला घोंगडं बांधायचो, न्हाईतर गारठायची. दुपार कलली का तेच घोंगडं सोडून दुसऱ्या अंगाला. वारं फिरायचं. मग लोकर चिकट व्हायाची खाऱ्यानं. बावीस वर्षं रोज दोन टाइम घोंगडं बदललंय म्या."

मी कपाळाला हात लावला. मतलई वारे! खारे वारे! गेल्या वर्षी भूगोलाचे सर रजेवर होते तेव्हा सातवीला मीच शिकवलं — फळ्यावर बाण काढून. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे, दुपारी समुद्राकडून जमिनीकडे. पाच गुणांना विचारलं होतं. आणि स्वतः तक्ता करताना येडगावची सवय चालवली. धरणाला पलीकडे काठ असतो, समुद्राला कुठला?

प्रतीक्षाचा चेहरा उतरला. तिलाही सुचलं नव्हतं. तिचंही सगळं शिक्षण तलावावरचंच.

तिने पेन काढून सकाळ खोडली. दुपारी दोन ते पाच लिहिलं. मग कागद हळूच सासूबाईंच्या पुढे सरकवला. त्यांनी आधी उलटा धरला, मग विचारलं, "डोंगूर कंचा?" दाखवला. ओढा दाखवला. त्यांचं बोट ओढ्यावरून वर वर गेलं आणि टेकडीच्या अलीकडे थांबलं.

"हितं उंबर हाय. त्याच्या बुडाला झिरा. वैशाखात बी आटत न्हाई. आमचा तळ हितंच पडायचा, म्हैना-म्हैना. भातखाचरं हाईत, त्यात मेंढरं बसवायचो खताला."

"आणि समुद्र?"

"पल्याड." सूप उचलून उठल्या. उठता उठता म्हणाल्या, "मेंढरं बघीन मी. पाच दिस. सहावा न्हाई."

मी त्यांना मिठी मारली. आमच्या घरात अशी पद्धत नाही. तांदूळ सांडले सगळे.

२५ नोव्हेंबर

शाळेत दिवसभर हसत होते. मुख्याध्यापिकांनी विचारलं, बरं आहे ना?

१ डिसेंबर

कांद्याच्या मोकळ्या वावरात तंबू लावून बघितला. सासूबाई बांधावर बसून सूचना देत होत्या. तीनदा हलवायला लावला! पहिल्यांदा दार डोंगराकडे, "रातभर कुडकुडाल." दुसऱ्यांदा उलट, "वाळू खाल जेवताना." शेवटी दार आडवं, दक्षिणेला, आणि दोन्ही अंगांना दगडांची बुटकी रास. खुंट्या बघून तर त्यांना हसूच आवरेना — "ह्या काय काड्या हाईत का दात कोरायच्या?" नवनाथकडून बाभळीच्या आठ खुंट्या तासून घेतल्या. तंबूवर लिहिलंय दोन मिनिटांत उभा राहतो. आम्हाला सव्वा तास लागला.

इतक्या खुशीत त्यांना मी कधी बघितलं नव्हतं. चूल कशी मांडायची, सरपण ओलं लागलं तर काय, विंचू कुठल्या दगडाखाली. सगळं हाताने करून दाखवत होत्या.

म्हटलं, "आत्या, तुम्हीच चला की."

"गुडगं कोन चालवनार? आन् मेंढरं?"

मी पुन्हा विचारलं नाही. खरं लिहायचं तर मला बरंच वाटलं. गाडीत तिघांचीच जागा, आणि हे पाच दिवस मला माझे हवे आहेत. सासूच्या नजरेसमोर ओल्या कपड्यांत धडपडायचं नाही मला.

८ डिसेंबर

येडगावला आता दुपारी जाते. दुपारचा वारा दांडगा. पडले तीनदाच.

१५ डिसेंबर

आज सबंध पाणी आडवं कापलं!! या काठाहून त्या काठाला, तिथे वळून परत, एकदाही न पडता. वळताना पाय अदलाबदल करायचे, तिथे नेहमी माती खायचे, आज आपोआप झालं. प्रतीक्षा शिट्ट्या वाजवतेय, जानकूबाबा म्हशी सोडून टाळ्या वाजवतायत. काठाला आले तर म्हणाले, "मॅडम, लई भारी राव! पन आता काय, नदीनं घरी जानार का?"

तयार आहे मी. भीती वाटतेय, पण ती चांगली वाटतेय.

१९ डिसेंबर

सासूबाईंनी आज तिसऱ्यांदा विचारलं, कधी निघणार. गुरुवारी, आत्या. गुरुवारी!

२२ डिसेंबर

माझंच चुकतंय का काहीतरी? सासूबाई दोन दिवस पुन्हा गप्प. जेवण अर्धं टाकून उठतात. नवनाथला म्हटलं, बघ जरा. तो म्हणाला आई थंडीत अशीच करते. प्रतीक्षाने येऊन बीपी बघितलं, ठीक आहे. गुडघेही दाबून बघितले. म्हणाली, "आत्या, गुडघे तर माझ्यापेक्षा बरे आहेत की तुमचे!" त्यावर सासूबाईंनी पाय आत ओढून घेतले.

मेंढ्यांचं ओझं होत असेल का? शेजारच्या भागूवहिनींना विचारून ठेवलंय, लागलं तर त्या संध्याकाळी येऊन जातील.

२५ डिसेंबर

सगळं बांधलं. फळी गोधड्यांत गुंडाळून पिकअपवर. ज्वारीचं पीठ, लसणाची चटणी, सुकी मासळी नको — तिथे ताजी मिळेल. बाभळीच्या खुंट्या. सासूबाईंनी स्वतः विणलेली दोरी दिली.

दुपारी अंगणात बसल्या बसल्या विचारलं, "गाडीला किती येळ लागतो?"

"सहा तास धरा."

"आमाला सतरा दिस लागायचे." आणि गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या. फळीवर हात ठेवून उभ्या राहिल्या जरा वेळ. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या दोरी ढिली हाय. दोरी ढिली नव्हती.

उद्या या वेळेला मी समुद्रावर असेन. पाण्यात!

२६ डिसेंबर, सकाळ

सहाला निघणार होतो. साडेआठ झाले, अजून घरीच.

नवनाथ गाडीत बसला, प्रतीक्षा बसली, मी पाया पडायला वाकले तर सासूबाईंनी मनगट धरलं. सोडेनात.

"सुप्रिया, म्या समिंदर बघितला न्हाई."

मला कळेचना. म्हटलं, बावीस वर्षं?

"गडी मेंढरं घेऊन पल्याड जायाचे. आमी बाया तळावर. चूल, कोकरं, कोंबड्या. तळ मोकळा कसा टाकायचा? आवाज रोज ऐकायची. तुझा सासरा येऊन सांगायचा, तेच मी लोकास्नी सांगत आले. कुनी इचारलंच न्हाई, तू बघितला का म्हनून."

मीही नव्हतं विचारलं. तिथे उभी राहून रडले, सगळ्यांसमोर. नवनाथ गाडीतून उतरला, किल्ली प्रतीक्षाच्या हातात दिली आणि मेंढ्यांकडे गेला.

तक्त्यातला आजचा दिवस मी खोडलाय. आज फळी गाडीवरून उतरवायची नाही. टेकडी त्यांच्या चालीने चढायची, बसत बसत, कितीही वेळ लागो.

आता उशीर होतोय तो लुगड्यामुळे. तीन बाहेर काढून ठेवलीत, ठरत नाही. प्रतीक्षा म्हणाली, "आत्या, कुठलंही नेसा हो, भिजणारच आहे!"

आतून आवाज आला — "त्यो मला पयल्यांदाच बघनार हाय. चांगलं नको?"